दहा वर्षांचे दान

चातुर्मास सुरू झाला की स्थानकांत आणि मंदिरांत दानाच्या घोषणा होऊ लागतात. घोडनदीच्या काठचे शिरूर असो वा भीमेच्या काठचे दौंड, व्यापारी कुटुंबांच्या या दोन्ही गावांना दान नवे नाही. पांजरपोळाला चारा, रुग्णाला औषध, विद्यार्थ्याला वह्या-पुस्तके, उन्हाळ्यात पाणपोई, अशी दानाची अनेक रूपे येथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहेत. या बहुतेक दानांचे स्वरूप असे, की रक्कम दिली, पावती घेतली, फलकावर नाव आले आणि दात्याचे कर्तव्य पूर्ण झाले. मात्र काही कार्ये अशी असतात की त्यांना ही रीत पुरी पडत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या मदतीसाठी कुत्र्यांना प्रशिक्षण देणे हे त्यांपैकी एक होय. त्यासाठी निधी उभारायचा तर रक्कम किती, या प्रश्नाच्या आधी किती वर्षे, हा प्रश्न विचारावा लागतो.

साहाय्यक श्वान म्हणजे काय?

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा श्वान सर्वांना ऐकून ठाऊक असतो. पण साहाय्यक श्वानांचे प्रकार त्याहून अधिक आहेत. बहिऱ्या माणसाला दारावरची घंटा, कुकरची शिट्टी किंवा तान्ह्या मुलाचे रडणे स्पर्शाने कळवणारा श्वान असतो. चाकांच्या खुर्चीतील व्यक्तीला खाली पडलेली किल्ली उचलून देणारा, दार ओढून उघडणारा, दिव्याचे बटण दाबणारा श्वान असतो. अपस्माराचा झटका आलेल्या रुग्णाजवळ थांबून घरच्यांना बोलावणारा श्वानही असतो.

रुग्णालयात किंवा विशेष मुलांच्या शाळेत जाऊन अनेकांना दिलासा देणारा उपचार-श्वान मात्र निराळा. पुणे-मुंबई परिसरात ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’सारखी संस्था या दुसऱ्या प्रकारचे काम करते. उपचार-श्वान अनेकांचा असतो. साहाय्यक श्वान एकाच व्यक्तीचा असतो आणि त्या व्यक्तीबरोबर अहोरात्र राहतो. निधीचे आवाहन कोणत्या प्रकारासाठी आहे, हे दात्याने आधी समजून घेतले पाहिजे, कारण दोहोंचा खर्च आणि दोहोंची जबाबदारी वेगळी आहे.

मार्गदर्शक श्वान घडवण्याची रीत जगभर साधारण एकसारखी आहे. जातिवंत, शांत स्वभावाच्या मातापित्यांचे पिल्लू, बहुधा लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर वा जर्मन शेफर्ड, सुमारे दोन महिन्यांचे झाले की एखाद्या स्वयंसेवी पालक-कुटुंबाकडे सोपवले जाते. तेथे ते वर्षभर किंवा त्याहून थोडे अधिक राहते. बाजार, जिने, वाहनांचे आवाज, लहान मुलांची वर्दळ या सर्वांची त्याला सवय होते. मग ते शाळेत परतते आणि काही महिने शिक्षकाकडे शिकते. अखेरीस ज्या व्यक्तीला ते द्यायचे तिच्यासह दोघांचे एकत्र शिक्षण होते.

या शिक्षणातील सर्वांत अवघड धडा आज्ञापालनाचा नसून आज्ञाभंगाचा आहे. मालकाने ‘पुढे चल’ म्हटले आणि समोरून वाहन येत असेल, तर श्वानाने जागचे हलायचे नाही, हे त्याला शिकवावे लागते. वाट कोणती हे माणूस ठरवतो. वाट सुरक्षित आहे की नाही हे श्वान सांगतो.

परंपरा कशी उभी राहिली?

पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिक दृष्टी गमावून परतले. त्यांच्यासाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी मार्गदर्शक श्वानांची पहिली शाळा सुरू केली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये श्वानशाळा चालवणाऱ्या अमेरिकन विदुषी डोरोथी हॅरिसन युस्टिस यांनी जर्मनीतील हे काम पाहिले आणि १९२७ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. तो लेख नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला. फ्रँकने युस्टिसबाईंना पत्र पाठवले, स्वित्झर्लंड गाठले आणि ‘बडी’ नावाच्या श्वान मादीबरोबर शिक्षण घेतले. जून १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्याचा पल्ला त्या दोघांनी वार्ताहरांसमोर पार केला. त्यानंतर फ्रँकने युस्टिसबाईंना तार केली. तारेत ‘यश’ एवढा एकच शब्द होता. २९ जानेवारी १९२९ रोजी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली.

या संस्थेचा एक नियम आपल्याकडील दात्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. श्वान घेणाऱ्याकडून ती पहिल्या वेळी १५० डॉलर, पुढच्या प्रत्येक श्वानासाठी ५० डॉलर आणि माजी सैनिकाकडून अवघा एक डॉलर घेते. १९३४ पासून या रकमेत बदल झालेला नाही. खरा खर्च याच्या कित्येक पट आहे आणि तो देणग्यांतून भागतो. तरीही ही लहानशी रक्कम घेतली जाते, कारण ती देणारा माणूस याचक राहत नाही. तो व्यवहारातील एक पक्ष ठरतो, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो आणि श्वान ‘मिळालेला’ न राहता ‘आपला’ होतो.

निधी उभारण्याच्या युक्त्याही देशोदेशी निघाल्या. ब्रिटनमध्ये १९३१ साली पहिल्या चार जोड्या तयार झाल्या. १९६४ साली तेथील ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने घरोघरच्या मुलांना चांदीसारखा कागद आणि दुधाच्या बाटल्यांची पातळ झाकणे गोळा करायला सांगितले. त्या रद्दीच्या विक्रीतून मार्गदर्शक श्वानांसाठी पैसा उभा राहिला. जपानमध्ये १९५७ साली ‘चॅम्पी’ हा देशात शिकवलेला पहिला मार्गदर्शक श्वान तयार झाला. तेथील दुकानांच्या गल्ल्याजवळ लॅब्रॅडॉरच्या आकाराच्या दानपेट्या ठेवलेल्या दिसतात. आपल्याकडे किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ गोशाळेचा डबा असतो, तसाच हा प्रकार. त्यात पडणारे नाणे लहान असते, पण ते रोज पडते.

हिशेब एका श्वानाचा

भारतात हे काम अजून बाल्यावस्थेत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष आहे, जवळजवळ तितक्याच व्यक्तींना श्रवणदोष आहे आणि ५४ लाखांना हालचालीचा अडथळा आहे. एकट्या महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे. इतक्या लोकांच्या मानाने श्वानांना शिकवण्याचे प्रयत्न मोजकेच आहेत. अमेरिकेतील संस्था एका जोडीमागे ५० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे ४० लाख रुपयांहून अधिक खर्च सांगतात. आपल्याकडे मजुरी आणि जागा स्वस्त असल्याने आकडा खाली येईल, पण खर्चाची शीर्षके तीच राहतील. पिल्लाची निवड, पालक-कुटुंबाला साहाय्य, शिक्षकाचे वेतन, लसी, पशुवैद्य, खाद्य, प्रवास आणि श्वान देऊन झाल्यावर वर्षानुवर्षे लागणारी देखरेख ही ती शीर्षके होत. त्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. सर्वच पिल्ले उत्तीर्ण होत नाहीत. एखादे भित्रे निघते, एखाद्याच्या कमरेच्या सांध्यात दोष निघतो. त्यांच्यावर झालेला खर्च उत्तीर्ण श्वानांच्याच हिशेबात धरावा लागतो.

श्वान साधारण दीड-दोन वर्षांचा असताना कामाला लागतो आणि आठ-दहा वर्षांचा झाला की निवृत्त होतो. निवृत्तीनंतरही त्याचे आयुष्य उरते. पिल्लूपणापासून निवृत्तीपर्यंतचा काळ धरला तर एका श्वानाचा हिशेब दहा वर्षांचा होतो. आता आपल्या दानाच्या रीतीकडे पाहावे. उद्‌घाटनाच्या दिवशी, फलकाच्या समोर, एकरकमी देणगी मिळते. त्या रकमेतून पिल्लू येते, शिक्षक येतो, छायाचित्र छापून येते. तिसऱ्या वर्षी खाद्याचे बिल कोणी भरायचे? सातव्या वर्षी श्वानाच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोठून यायचा? बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्चाला दाते मिळतात, आवर्ती खर्चाला मिळत नाहीत. आणि साहाय्यक श्वानाचा बराच मोठा खर्च आवर्ती आहे.

उदाहरणासाठी असे धरू, की श्वान कामाला लागल्यानंतर खाद्य, लसी, औषध आणि देखरेख मिळून महिन्याला ८,००० रुपये लागतात. वर्षाचे झाले ९६,००० रुपये. ही रक्कम केवळ ठेवीच्या व्याजातून काढायची तर ६ टक्के दराने १६ लाख रुपयांचे मुद्दल बाजूला ठेवावे लागेल, आणि महागाई वाढली की तेही अपुरे पडेल. आता दुसरा मार्ग पाहू. शंभर कुटुंबांनी महिन्याला प्रत्येकी १०० रुपये दहा वर्षे देण्याचा संकल्प केला, तर महिन्याला १०,००० आणि वर्षाला १ लाख २० हजार जमतात. खर्च वजा जाता वर्षाला २४,००० रुपये आजारपणासाठी राखीव राहतात. सोळा लाखांचा एक दाता शोधणे कठीण. शंभर रुपयांचे शंभर दाते दोन तालुक्यांत मिळणे कठीण नाही. कठीण आहे ते त्यांनी दहा वर्षे टिकून राहणे.

आपल्याच मातीतील दोन उदाहरणे

नेमाने द्यायच्या दानाची ही कल्पना परकी नाही. तिचे एक उदाहरण मुंबईत आहे आणि ते कुत्र्यांशीच निगडित आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठा उद्रेक झाला. पारशी समाज त्यात अग्रभागी होता आणि इतर समाजही सामील झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि जैन समाजाचे शेठ मोतीशा म्हणजे मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. संताप दोन दिवसांत ओसरतो. पांजरपोळ पावणेदोनशे वर्षांहून अधिक टिकले. व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर स्वतःहून धर्मादायाची ठरावीक आकारणी लावून घेतली, हे त्यामागचे एक मोठे कारण होय. दाता प्रसन्न आहे की नाही, यावर जनावरांचा चारा अवलंबून राहिला नाही. हिशेबपट्टीवर ‘धर्मादाय’ असे एक शीर्षक असणे आपल्या आडत व्यापारालाही अपरिचित नव्हते.

दुसरे उदाहरण तर दौंड तालुक्यातीलच आहे. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघाले की वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी त्या काळी महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या कार्यासाठी निधी कसा उभा राहिला, एवढेच पाहण्यासारखे आहे. १८८७ साली अमेरिकेत बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. गावोगावी तिची मंडळे निघाली आणि सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर, सलग दहा वर्षे देण्याचे वचन दिले. त्या वचनाच्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. संस्थेचे वार्षिक अहवाल छापले जात आणि दात्यांपुढे ठेवले जात. दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि असोसिएशनची नव्याने घडी बसली. पुढे दुष्काळाने निराधार केलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना केडगावने आसरा दिला. त्यांत अंध स्त्रियाही होत्या आणि त्यांना ब्रेल लिपी शिकवली गेली. वर्षाचा एक डॉलर ही रक्कम त्या काळीही लहानच होती. मोठी होती ती दहा वर्षांची मुदत, आणि ती मुदत आधीच सांगून टाकण्याचा प्रामाणिकपणा.

जीवदयेच्या कसोटीवर

या मासिकाच्या वाचकांच्या मनात येथे एक स्वाभाविक शंका येईल. कुत्र्याला माणसाच्या सेवेला जुंपणे ही जीवदया आहे काय? शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतातच शोधता येते. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे ते पाच. साहाय्यक श्वान घडवणाऱ्या कोणत्याही संस्थेला हे पाच प्रश्न जसेच्या तसे विचारता येतात. काम नसताना श्वान मोकळा असतो की साखळीला? शिकवताना मार देतात की शाबासकी आणि खाऊ? त्याचे कान-शेपूट कापले जात नाहीत ना? दिवसात किती तास काम आणि किती विश्रांती, आणि निवृत्तीचे वय ठरलेले आहे काय? शिकवण्यासाठी त्याला उपाशी ठेवतात काय? ज्या संस्थेकडे या पाचांची समाधानकारक उत्तरे असतील, तेथे श्वान गुलाम नसून सोबती आहे असे समजावे. चांगल्या शाळांची शिकवण्याची रीत आज बक्षिसावर आणि कौतुकावरच उभी आहे, ही समाधानाची बाब होय.

पाचव्या प्रश्नाला लागून एक नाजूक मुद्दा येतो, तो खाद्याचा. कुत्र्याच्या बाजारी खाद्यात बहुधा मांसाचा अंश असतो आणि अनेक दात्यांना ते रुचत नाही. येथे दोन टोके टाळली पाहिजेत. दात्याच्या आचारासाठी श्वानाच्या प्रकृतीला न मानवणारे अन्न त्याच्यावर लादणे हे अन्नपान-निरोधाच्या जवळ जाते; आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरावा. दुसरीकडे, दात्याच्या भावनेचाही मान राखता येतो. देणगी विशिष्ट कारणासाठी देण्याची सोय असते. लसीकरण, शस्त्रक्रिया, शिक्षकाचे वेतन किंवा दिव्यांग व्यक्तीचा प्रवास-निवास अशा शीर्षकाखाली रक्कम द्यावी आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे. संस्थेने ती रक्कम त्याच कारणी लावली पाहिजे.

जीवंधरकुमारांची कथा आपल्या घरांतून सांगितली जाते. मारहाणीने मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याच्या कानी त्यांनी णमोकार मंत्र ऐकवला. ते कुत्रे यक्ष झाले आणि संकटात जीवंधरांच्या साहाय्याला आले. आधी माणसाने जिवाला अभय दिले, मग त्या जिवाने माणसाला. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत साहाय्यक श्वानाचे दान अभयदानाच्या सर्वांत जवळचे आहे. मात्र ते अभय दोघांनाही मिळाले पाहिजे. रस्ता ओलांडणारा अंध माणूस निर्भय व्हावा आणि त्याला नेणारा श्वानही.

शिरूर-दौंडची जमीन

आता आपल्या गावांकडे वळू. शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्थानक परिसरात असा श्वान उद्या आणला, तर तो काम करू शकेल काय? प्रामाणिक उत्तर असे, की आज ते अवघड आहे. पदपथ जेथे आहेत तेथे त्यांवर हातगाड्या आणि दुचाकी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत डांबरी रस्ता इतका तापतो की श्वानाचे पंजे पोळतील. मोकाट कुत्र्यांची टोळी अंगावर आली तर काम करणारा श्वान बिथरेल, जखमी होईल आणि त्याच्यावरचा सगळा खर्च एका क्षणात वाया जाईल. दौंडहून पुण्याला रोज शटलने जाणारे प्रवासी असंख्य आहेत. पण रेल्वेत कुत्रा नेण्याचे नियम प्रामुख्याने पहिल्या वर्गाशी आणि गार्डच्या डब्याशी निगडित आहेत. विमान कंपन्या साहाय्यक श्वानाला प्रवाशाबरोबर येऊ देतात, पण दौंडच्या माणसाची गरज शटलची आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने दुकानापासून कचेरीपर्यंत अशा श्वानाला प्रवेशाचा हक्क दिला. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सुगम्यतेचे तत्त्व सांगतो, पण दुकानाच्या पायरीवर ‘कुत्रा आत नको’ हे शब्द ऐकावे लागणार नाहीत, याची खात्री कायद्याच्या पुस्तकाने मिळत नाही.

म्हणून हे कार्य सोडून द्यावे असा याचा अर्थ नाही. याचा अर्थ क्रम लावावा असा आहे. श्वान मिळण्याआधी अंध व्यक्तीला पांढऱ्या काठीने स्वतंत्र फिरता आले पाहिजे, ही अट मार्गदर्शक श्वानांच्या शाळाही घालतात. ते शिक्षण तुलनेने स्वस्त आहे आणि आज लगेच देता येते. गावातील मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही दुसरी पायरी. ती जीवदयाही आहे, सार्वजनिक आरोग्यही आहे आणि उद्याच्या साहाय्यक श्वानासाठी वाट मोकळी करणेही आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी या कामाची चौकट घालून दिली आहे. तिसरी पायरी बाजारपेठेची. व्यापारी संघटनेने एक ठराव करून, पट्टा-हार्नेस घातलेल्या साहाय्यक श्वानाला आपल्या दुकानांत मज्जाव होणार नाही, असे जाहीर करावे. या ठरावाला एक पैसाही लागत नाही.

चौथी पायरी प्रत्यक्ष श्वानाची. गावात नवी शाळा काढण्याचा मोह टाळावा. अनुभवी संस्थेकडून एका गरजू व्यक्तीसाठी एक श्वान घडवून घ्यावा, आणि त्याची दहा वर्षांची जबाबदारी गावाने घ्यावी. चाकांच्या खुर्चीतील किंवा बहिऱ्या व्यक्तीला घरातच साहाय्य करणारा श्वान असेल, तर रस्त्याच्या अडचणीही पुष्कळ कमी होतात. पहिली निवड अशी केली तर यश येण्याचा संभव अधिक.

पैसा कोठून, आणि कोणत्या प्रश्नांनंतर

निधीचे मार्ग आपल्या आसपासच आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती या दोन तालुक्यांतच आहेत. कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. त्या कार्यांच्या यादीत दिव्यांगांचे शिक्षण-उपजीविका आहे आणि प्राणिकल्याणही आहे. साहाय्यक श्वानाचे काम दोन्ही शीर्षकांना स्पर्श करते. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. काठीचे प्रशिक्षण, उतरते रस्ते, कठडे यांसाठी त्याची मागणी नागरिकांनी लेखी करावी. दात्यांचा पैसा, जे काम शासनाचे आहे त्यावर खर्ची पडू नये.

वर्गणी गोळा करणाऱ्यांनी नियम पाळावेत. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते. गणेशोत्सव मंडळांना हे चांगले ठाऊक आहे. दात्याने आयकराची वजावट हवी असल्यास २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने देऊ नये, आणि संस्थेकडून देणगीचे विहित प्रमाणपत्र घ्यावे. नव्या करप्रणालीत ‘८०-जी’ म्हणून परिचित असलेली वजावट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. करबचत होत नाही म्हणून जे दान थांबेल, ते मुळात दान होते काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

रक्कम देण्यापूर्वी संस्थेला काही प्रश्न विचारावेत. आजवर किती श्वान शिकवले आणि त्यांतील किती आज प्रत्यक्ष कामावर आहेत? श्वान दिल्यानंतर शिक्षक भेटीला येतो काय, आणि किती वर्षे? मालकाचे निधन झाले किंवा जोडी जमली नाही तर श्वान कोठे जातो? अनुत्तीर्ण पिल्लांचे काय होते? निवृत्त श्वान कोण सांभाळतो? लेखापरीक्षित ताळेबंद पाहायला मिळेल काय? श्वानाचे गोंडस छायाचित्र पुढे करून या प्रश्नांना बगल देणाऱ्या संस्थेपासून दूर राहणे बरे. जी संस्था ‘आमची इतकी पिल्ले नापास झाली’ असे स्वच्छ सांगते, तिच्या वहीवर अधिक विश्वास ठेवावा.

शेवटी दात्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. दहा वर्षांनी हे दान चालू असेल काय? बँकेला स्थायी सूचना देऊन महिन्याचे शंभर रुपये आपोआप जातील अशी व्यवस्था करणे आज मोबाइलवरही शक्य आहे. घरातील मुलांना या संकल्पाची माहिती असावी. आजोबांनी सुरू केलेले दान नातवाने पूर्ण करावे, यात संस्काराचे जे शिक्षण आहे ते शंभर व्याख्यानांत नाही. श्वानाला फलक वाचता येत नाही आणि अंध माणसालाही तो दिसत नाही. सातव्या वर्षी लस टोचण्याचा दिवस येतो तेव्हा पशुवैद्याचे बिल भरले गेले आहे की नाही, एवढेच त्या दोघांच्या कामाचे असते.

क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जीवांशी मैत्रीची भावना व्यक्त करतो. या चातुर्मासात शिरूर-दौंडच्या शंभर घरांनी त्या मैत्रीची दहा वर्षांची मुदत लिहून द्यावी आणि पहिल्या महिन्याचे शंभर रुपये काठीच्या प्रशिक्षणासाठी वळते करावेत. श्वान येईल तेव्हा त्याच्या वाटेची तयारी झालेली असेल.